शब्द देणारा

१

नकाशात कोनाडा नव्हता.

वहिनींनी नकाशा टेबलावर पसरला, गुंडाळी होऊ नये म्हणून दोन कोपऱ्यांवर चहाचे रिकामे कप ठेवले आणि पुन्हा नीट पाहिलं. रंगमंच होता. दोन्ही बाजूंच्या विंगा होत्या. मेकअपच्या खोलीच्या दोन खोल्या झाल्या होत्या. मागच्या अंगाला, जिथे मोडक्या खुर्च्या पडलेल्या असायच्या, तिथे ‘नियोजित बालरंगभूमी’ असं लिहिलं होतं. सगळं होतं, पण डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीशेजारी, जिथे भिंत जरा आत वळते, तिथून एसीचा जाडजूड पाइप सरळ वर गेला होता.

“इथे कोनाडा आहे,” वहिनी म्हणाल्या.

“होता,” आर्किटेक्ट म्हणाला. तरुण माणूस, बोलायला गोड. “म्हणजे अजून आहे. पण ती डेड स्पेस आहे हो. मेलेली जागा. कशाच्याच उपयोगाची नाही.”

वहिनींची कानशिलं तापली. पण आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. सगळी नोकरी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासण्यात गेली होती. राग आला की त्या शब्द मोजून बोलत.

“त्या मेलेल्या जागेत माझा नवरा आयुष्यभर बसला,” त्या म्हणाल्या.

आर्किटेक्टने मान खाली घातली. टेबलापलीकडे डॉक्टर खाकरले. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, संस्थेचे अध्यक्ष, आणि जवळजवळ प्रत्येक नाटकात कुणाचे ना कुणाचे वडील.

“वहिनी, दादांबद्दल कुणाच्या मनात आदर कमी आहे का? पण आता प्रॉम्प्टर ठेवतं कोण? लोक पाठ करून येतात.”

“तुम्ही येता?”

“माझं सोडा. पाठांतर म्हटलं की माझीच दाढ हलते.”

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांच्यासमोर नकाशाशेजारी आणखी एक कागद होता: नव्या दालनात लावायच्या फलकाचा मजकूर, ‘आपल्या नाट्यगृहाचा इतिहास’. तो तपासून द्यायलाच त्यांना बोलावलं होतं. साबणाच्या कारखान्याचं गोदाम, तिथे कामगारांनी आणि कारकुनांनी मिळून बसवलेलं पहिलं नाटक, पोत्यांचा पडदा, वादळात उडालेले पत्रे, नंतरची देणगी. त्यात पंखे कुणी दिले तेही होतं, पहिल्या दिव्यांची जोडणी कुणी केली तेही. दादांचं नाव कुठेच नव्हतं. मागच्या खेपेला वहिनींनी समासात लाल शाईने एक ओळ घातली होती. ती ओळ या खेपेला गळली होती.

“जागा पुरेना हो,” डॉक्टर म्हणाले. “एका ओळीसाठी सगळ्या फलकाची मांडणी बिघडत होती.”

शाई सांडल्यासारखा राग मनभर पसरला. वहिनींनी कप उचलले. नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

२

त्या मंडळींत प्रॉम्प्टिंगला ‘शब्द देणं’ म्हणत. त्यावरून जुने विनोद होते. कुणी उसनं मागितलं की म्हणायचं, दादांकडे जा, ते शब्द देतात. दादांच्या लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, आता यांनी शब्द दिलाय, वहिनी, तुम्ही विसरायचं नाही.

दादा शब्द द्यायचे म्हणजे पहिला शब्दच द्यायचे, आख्खं वाक्य कधीच नाही. शिवाय कुणी विसरलंय आणि कुणी मुद्दाम थांबलंय, हे ते श्वासावरून ओळखत. विसरलेला माणूस श्वास वर ओढतो, थांबलेला खाली सोडतो, असं ते म्हणत. नटाच्या हक्काच्या पॉजमध्ये त्यांनी कधी शब्द टाकला नाही. आणि आवाज असा, की ज्याला हवा त्यालाच पोचे. रंगमंचावर उभ्या असलेल्याला स्वच्छ ऐकू येई. पहिल्या रांगेत बसलेल्याला काही नाही. वहिनी तर कायम तिसऱ्या रांगेत. इतक्या वर्षांत नवऱ्याला काम करताना त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. लोक त्याचं कौतुक करायचे आणि त्या ते ऐकून घ्यायच्या, परक्या गावच्या पावसाबद्दल ऐकावं तसं.

मागच्या थंडीत दादा तालमीहून घरी आले, खुर्चीत बसून वाकून बुटाची नाडी सोडायला लागले, आणि तसेच राहिले.

त्यानंतरही वहिनी रविवारी सकाळी तालमीला जायच्या थांबल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत बसायच्या, संहिता मांडीवर घ्यायच्या, कुणी शब्द बदलला की पेन्सिलीने खूण करायच्या. नूतनीकरणात रंगमंच आधी पुरा झाला होता, म्हणून उद्घाटनाच्या नाटकाची तालीम तिथेच चाले. बाकी सभागृहात खुर्च्या प्लास्टिकखाली झाकलेल्या, हवेत सिमेंट. कोनाड्यावर कामगारांनी तात्पुरता प्लायवूड ठोकला होता. पाइप पुढच्या महिन्यात बसणार होता.

त्या रविवारी संहिता हातात न घेता करायची पहिलीच तालीम होती. अशा तालमीत चिखल व्हायचा, हा नियम. वहिनींनी पेन्सिलीला टोक काढून ठेवलं होतं.

पहिला अंक संपला. पेन्सिल तशीच होती.

कुणीच विसरलं नव्हतं. डॉक्टरसुद्धा नाही. दाराशी उभं राहून मुलीशी बोलण्याचा तो लांबलचक प्रवेश, जो मागे कधी सलग झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, तो त्यांनी घडाघडा म्हटला. फक्त मधूनमधून त्यांचं डोकं किंचित डावीकडे कलत होतं. दुखऱ्या दातावर हात ठेवायच्या आधी पेशंट कलतात, तसं.

“डॉक्टर, कमाल केलीत,” कुणीतरी म्हणालं.

डॉक्टर घाम पुसत होते. ते हसले नाहीत. “हो ना,” म्हणाले, आणि उजव्या विंगेतून बाहेर गेले, म्हणजे लांबच्या वाटेने.

३

“तुला सांगू का नको, असं झालंय,” धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे वहिनींची नणंद, दादांची बहीण. संस्थेत सगळे तिला धाकटीच म्हणत, केस पांढरे झाले तरी. या नाटकात घर सोडून निघालेल्या बाईचं काम तिच्याकडे होतं. दोघी मेकअपच्या खोलीत बसल्या होत्या. नव्या आरशांना अजून कागद चिकटलेले होते.

“सांग की.”

“चिडशील.”

“मी आधीच चिडलेली आहे. त्यात भर पडून काय होणार?”

धाकटीने पदराशी चाळा केला. “दादा शब्द देतोय गं.”

वहिनींनी वळून तिच्याकडे पाहिलं.

“खरंच. मला वाटलं मलाच. पण डॉक्टरांनाही येतो. सगळ्यांनाच. कुणी कुणाला सांगत नाही इतकंच. त्या फळीच्या मागून. अगदी तसाच, पहिला शब्द, हळूच.” तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यात आनंद होता. तेच वहिनींना सोसलं नाही.

“आवाज त्यांचा आहे?”

“दुसऱ्या कुणाचा असणार?”

“मी विचारतेय, आवाज त्यांचा आहे का?”

“वहिनी, कुजबुजीला कुठे आवाज असतो? पण मला कळत नाही का माझा भाऊ?”

घरी जाताना वहिनींनी हिशेबाने विचार केला. पाइपसाठी भिंतीला भोकं पाडली होती; मेकअपच्या खोलीत कुणी पाठांतर करत असेल, त्याचा आवाज पोकळीतून येत असेल. हे अगदी शक्य होतं. आणि माणूस गेल्यावर सगळ्यांच्याच कानांना सवयीचा भास होतो, हेही शक्य होतं. पण एवढा शहाणपणा करूनही एक गोष्ट आत सलत राहिली, आणि ती शहाणपणाची नव्हती. दातांच्या डॉक्टरांना ऐकू येतं. ज्यांचं काम बघून दादा घरी येऊन कपाळाला हात लावायचे, त्यांनाही ऐकू येतं. मला नाही. ज्या घरात त्यांचा चष्मा अजून टेबलावर आहे, त्या घरात एक शब्द नाही.

४

मंगळवारी दुपारी कामगार जेवायला बाहेर गेले असताना वहिनी नाट्यगृहात शिरल्या. फलकाचं माप बघायचंय, असं रखवालदाराला सांगितलं.

रंगमंचावर त्या पूर्वी कधी चढल्या नव्हत्या. नवी फळी पायाखाली कोरडी वाजली. डाव्या विंगेत प्लायवूड होता, चारी बाजूंनी खिळे मारलेला. जवळ गेल्यावर साबणाचा वास आला. गोदामाच्या काळचा हा वास पावसाळ्यात भिंतींतून येई म्हणतात. पण भिंतींना नवा गिलावा होता आणि हवा कोरडी.

त्यांनी प्लायवूडला कान लावला.

काहीच नाही. मग जाणवलं, की हे ‘काहीच नाही’ साधं नव्हतं. खोलीत दोघं बोलत असावीत आणि आपण दारात उभं राहताच गप्प व्हावीत, तसं ते होतं. पलीकडे कुणीतरी गप्प झालं होतं.

“मी आहे,” वहिनी म्हणाल्या.

आवाज प्लायवूडवर आपटून परत आला.

“धाकटीशी बोलता, डॉक्टरशी बोलता. माझं काय?” बोलता बोलता त्यांचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला. आयुष्यात कधी त्या नवऱ्याशी भांडल्या नव्हत्या असं नाही, पण ते भांडण दोन खोल्यांचं, पंख्याखालचं असायचं. असं रिकाम्या सभागृहातलं नाही. “तिथे नाटक करणाऱ्यांची अडलेली वाक्यं सोडवत बसा. घरी माझं काही अडत नाही, असं वाटतं का?”

मग लक्षात आलं, शब्द मिळायला काहीतरी पाठ केलेलं असावं लागतं. त्यांच्याजवळ विसरायलाच काही नव्हतं. या विचाराचं त्यांना हसू यायला हवं होतं. त्या मागे न बघता बाहेर आल्या.

पण एक झालं. त्या संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं मोजून, शांतपणे सांगितलं. पंखे देणाऱ्याचं नाव लावता. पंखे बंद पडले. दिवे बदलले. पडदा चारदा फाटला. तुमच्या प्रत्येक नाटकाची अब्रू ज्याने राखली तो माणूस कुठे बसायचा तेवढी जागासुद्धा तुम्हाला जड झाली. “कोनाडा बुजवलात, तर मी उद्घाटनाच्या दिवशी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, इथे काय होतं ते.”

वहिनींना वाटलं होतं, डॉक्टर समजूत घालतील.

“बरोबर आहे तुमचं,” डॉक्टर म्हणाले. “आम्ही सगळ्यांनी तेच ठरवलंय. कोनाडा ठेवायचा. पाइप दुसरीकडून नेऊ.”

“सगळ्यांनी?”

“एकमताने,” डॉक्टर म्हणाले. ज्या संस्थेत चहाच्या वेळेवरून दोन गट पडत, त्या संस्थेत.

५

प्लायवूड काढला तेव्हा आत दादांचं स्टूल होतं. कामगार म्हणाले, ते तर आम्ही कधीच भंगारात टाकलं होतं. वहिनींना आणखी राग आला. टाकलंत म्हणता, आणि इथे आहे. निदान खोटं तरी नीट बोला.

रविवारी त्या तिसऱ्या रांगेत बसल्या नाहीत. डाव्या विंगेतच, कोनाड्यापासून हातभर अंतरावर एक खुर्ची टाकली. जिंकल्याचं समाधान होतं. आत स्टूल, स्टुलावर कुणी नाही, दिवसाचा उजेड वरच्या झरोक्यातून भिंतीच्या वरच्या भागावर. तालीम सुरू झाली. कुणी विसरलं नाही. वहिनींना काही ऐकू आलं नाही. आणि या वेळी त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. हातभर लांब का होईना, शेजारी बसलेय, एवढं पुरे.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी धाकटीची ती जागा आली. बाई सामान घेऊन दारात येते. मागे वळून घराकडे बघते. थांबते. हा पॉज दादांनी आणि धाकटीने मिळून घडवला होता, पूर्वी हेच नाटक केलं तेव्हा. तो किती लांबवायचा ते धाकटीच्या मनावर. तिथे दादा संहिता मिटून मांडीवर ठेवायचे, असं धाकटी कौतुकाने सांगायची. माझ्याकडे बघायचासुद्धा नाही, इतका भरवसा. पॉज संपला की ती नवऱ्याला म्हणते, “दार लावून घे,” आणि जाते.

धाकटी वळली. थांबली. तिने श्वास सोडला. तो सावकाश सोडलेला श्वास वहिनींना स्वच्छ दिसला. खांदे खाली आले.

आणि धाकटी दचकली. कुणी पाठीत टोचावं तशी.

“दार उघडं ठेव,” ती म्हणाली, आणि गेली.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. “चुकलं.”

“काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“वाक्य चुकलं. ‘दार लावून घे’ आहे. आणि तू पॉज पुरा घेतला नाहीस.”

धाकटी विंगेतून परत आली. “मी घेत होते. तेवढ्यात शब्द आला.”

“तिथे शब्द येणार नाही,” वहिनी म्हणाल्या. “तूच सांगायचीस ना? जगात कुठेही चुकतील, त्या पॉजमध्ये ते शब्द देणार नाहीत. आणि चुकीचा शब्द तर नाहीच नाही.”

“चुकीचा कुठाय? ‘दार उघडं ठेव’ असंच आहे.”

वहिनींनी संहिता पुढे केली. धाकटीने वाचलं. डॉक्टरांनी वाचलं. दोघांची डोकी किंचित डावीकडे कलली.

“छपाईची चूक असेल,” डॉक्टर म्हणाले.

“छपाईची चूक असेल,” धाकटी म्हणाली.

जन्मभर मुद्रितं तपासलेल्या बाईला हे सांगत होते.

६

बुधवारी धाकटी घरी आली. वहिनींनी चहा ठेवला. दोघी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसल्या.

“हे बघ,” वहिनी म्हणाल्या, “आपण दोघीच आहोत. तिथे जे काही आहे ते तुझा दादा नाही.”

“तुला ऐकू येत नाही म्हणून असं वाटतं.”

“असेल. तेही खरं असेल. पण शब्द देणारा माणूस समोरच्याचं ऐकतो. त्याच्या पोटातलं वाक्य त्याच्या ओठावर आणून देतो. हे कुणाचं ऐकत नाही गं. हे स्वतःचं घालतंय.”

धाकटी कपाकडे बघत होती. तिच्या कपाळावर आठी पडली, ती लहानपणीच्या फोटोत होती तशीच. क्षणभर वाटलं, आता ही मोकळेपणाने बोलेल. तिने तोंड उघडलं.

मग डोकं डावीकडे कललं. डावीकडे फ्रिज होता.

“दादाला बरं वाटतंय तिथे,” ती म्हणाली, गोड, सपाट आवाजात. “तूही येऊन बसत जा.”

“धाकटे, हे तू बोलतेयस का?”

“कोण बोलणार दुसरं?” धाकटी हसली. “साखर नको हं मला.”

धाकटी चहात तीन चमचे साखर घ्यायची. त्यावरून दादा तिला मुंगी म्हणायचे. तिने बिनसाखरेचा कप संपवला, तोंडही वाकडं न करता, आणि ते तोंड वाकडं न करणं बघून वहिनींना पहिल्यांदा भीती वाटली. तोपर्यंत केवळ चीड होती.

रात्रभर नाही, पण बराच वेळ त्या दादांच्या चष्म्यासमोर बसून राहिल्या. भीती ओसरली तेव्हा खाली चीडच उरली होती, आणि ती आता स्वच्छ होती. एका सरळ माणसाच्या जागेवर कुणीतरी येऊन बसलं होतं. त्याची कुजबुज वापरत होतं, त्याच्या बहिणीला वापरत होतं. आणि ती जागा भांडून, धमक्या देऊन, मोकळी करून दिली होती ती वहिनींनीच.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. “कोनाडा बुजवा,” म्हणाल्या. “पाइप घाला, विटा घाला, काय वाटेल ते.”

डॉक्टर हात धुत होते. नळ बंद करून त्यांनी डोकं कलतं केलं, वाट बघितली, आणि म्हणाले, “वहिनी, तुम्हीच उद्घाटनाला चार शब्द बोला ना. लोकांसमोर सांगा. तुमचा शब्द कोण मोडणार?”

“सांगेन,” वहिनी म्हणाल्या. लोकांसमोर सांगितलेलं फिरवता येत नाही, हा त्यांचा हिशेब होता.

७

उद्घाटन सकाळी होतं. सभागृह भरलं होतं; नव्या खुर्च्यांचा वास, लहान मुलांची रडारड, दालनात फलकाभोवती गर्दी. आर्किटेक्ट नव्या कपड्यांत सगळ्यांना खुर्च्यांमधलं अंतर समजावत होता.

वहिनींनी कागद आणला नव्हता. भाषण पाठ केलं होतं. आरशासमोर, स्वयंपाक करताना, झोपताना म्हटलं होतं. तीनच वाक्यं होती. पहिलं: या नाट्यगृहात माझ्या नवऱ्याने आयुष्य घातलं, आणि तुमच्या फलकावर त्याला एक ओळ मिळाली नाही. दुसरं: त्याच्या जागेत आज जे बसलं आहे ते तो नाही. तिसरं: सगळ्यांच्या देखत मी सांगते, तो कोनाडा आजच बुजवा. लोक वेड्यात काढतील. काढोत. वेड्या बाईच्या नवऱ्याची जागा म्हणून तरी बुजवतील.

डॉक्टरांनी नाव पुकारलं. वहिनी पायऱ्या चढून रंगमंचावर आल्या. दिवे इतके प्रखर होते, की समोरची माणसं दिसत नव्हती, आणि डाव्या विंगेत तर गच्च काळोख वाटत होता. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. डावीकडे बघायचं नाही, असं ठरवलं होतं.

“या नाट्यगृहात माझ्या नवऱ्याने आयुष्य घातलं,” त्या म्हणाल्या, “आणि तुमच्या फलकावर त्याला एक ओळ मिळाली नाही.”

सभागृहात चुळबूळ झाली. मग शांतता. बरी, लाजलेली शांतता. ती वहिनींना हवी होती. त्यांनी तिथे थांबायचं ठरवलंच होतं. लोकांना ते वाक्य पुरतं लागू द्यायचं होतं. त्यांना पुढचं सगळं आठवत होतं. त्यांनी श्वास सावकाश खाली सोडला.

आणि डावीकडून शब्द आला.

हळू, कोरडा, जरासा घोगरा. ‘स’ म्हणताना दातांतून थोडी शीळ वाजणारा. पंख्याखालच्या दोन खोल्यांतला, उन्हाळ्यातल्या दुपारचा आवाज. वहिनींच्या छातीत काहीतरी इतक्या जोराने उसळलं, की क्षणभर त्यांना काहीच कळलं नाही, फक्त आनंद झाला. इतके दिवस. अखेर मलाही. त्या आनंदात त्यांचं डोकं वळलं असेल किंवा नसेल, पण तोंड मात्र उघडलं गेलं होतं.

“समाधान,” त्यांचं तोंड म्हणालं. “समाधान आहे मला, की ती जागा तुम्ही राखलीत.”

नाही, असं वहिनींच्या मनात उमटलं. हे नाही. ‘त्याच्या जागेत आज’. ते वाक्य जागच्या जागी होतं, अक्षर न् अक्षर दिसत होतं. जिभेपर्यंत येऊन ते बाजूला सारलं जात होतं.

“ती रिकामी राहू नये,” त्यांच्याच शांत, मोजक्या आवाजात माइक बोलत होता. “उद्यापासून तिथे मी बसेन. सगळ्यांच्या देखत शब्द देते.”

टाळ्या उसळल्या. पुढच्या रांगेत धाकटी उभी राहून रडत टाळ्या वाजवत होती. डॉक्टर मान हलवत होते. वहिनींनी सगळं बळ एकवटून मान वळवली.

कोनाड्यात कुणीतरी स्टुलावर बसलं होतं. दिव्याची एक तिरीप विंगेच्या कडेवरून आत गेली होती. ती हनुवटीपर्यंत पोचत होती, वर नाही. मांडीवर संहिता नव्हती. हात नुसतेच पडलेले होते. हनुवटी पुढे आली होती, ऐकू न येणाऱ्याशी बोलताना माणूस आणतो तशी, आणि ओठ अगदी स्पष्ट, एकेक अक्षर घडवत हलत होते. ज्या तोंडाशेजारी आयुष्य गेलं ते हे तोंड नव्हतं. याबद्दल वहिनींना तिळमात्र शंका राहिली नाही.

टाळ्या थांबल्या. वहिनींचं बोलून संपलं होतं.

कोनाड्यातले ओठ अजून हलत होते.